पुन्हा पाण्यात आलेली कयाक : ग्रीनलंडच्या कयाक संघटनेचा इतिहास

तारकर्लीच्या खाडीत, दापोलीच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यातल्या खारफुटीत आपण ज्या कयाकमध्ये बसतो ती साच्यातून काढलेली, प्लॅस्टिकची असते. तिच्या घराण्याचा शोध घेत मागे गेलो की आर्क्टिकच्या किनाऱ्यांवर जाऊन पोचतो. त्यातही लांब निमुळती समुद्री कयाक, अरुंद पात्याचे दुहेरी वल्हे आणि उलटलेली कयाक बसल्या जागेवरून सरळ करण्याची कला, म्हणजे रोल, या तिन्हींचा माग ग्रीनलंडलाच लागतो. म्हणून आपल्या सहलींच्या हकिगतींबरोबर ग्रीनलंडच्या कयाक संघटनेचा इतिहासही या स्मरणिकेत असावा, असा आग्रह मी धरला. संघटनेचे नाव कान्नात कत्तुफ्फिआत. गावोगावच्या कयाक मंडळांची ही मध्यवर्ती संस्था १९८५ साली उभी राहिली. जुन्या होड्या जपणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. पण होडी करणारी, चालवणारी आणि तिच्यातून वाचणारी माणसे हयात असतानाच त्यांच्यापाशी जाऊन बसलेली संस्था विरळा, आणि माझ्या मते हिचे सारे यश त्या वेळ साधण्यात आहे.

काय जपायचे होते, ते आधी नीट पाहायला हवे.

ग्रीनलंडमध्ये होडीजोगे झाड उगवत नाही. दक्षिणेच्या खोऱ्यांत खुरटी विलो आणि बर्च, बाकी शेवाळ, खडक आणि बर्फ. लाकूड येते समुद्रातून. सैबेरियाच्या नद्या ओंडके आर्क्टिक महासागरात लोटतात, ते बर्फाबरोबर वर्षानुवर्षे वाहत ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागतात. शिकारी ते गोळा करी, फोडी, वाळवी आणि त्यातून कयाकचा सांगाडा करी. बरगड्या पाण्यात भिजवून किंवा वाफवून वाकवायच्या, वरच्या दोन लांब पट्ट्यांना पाडलेल्या खाचांत बसवायच्या आणि सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी आणि कातडी वाद्यांनी बांधायचे. खिळा कुठेच नाही. लाट आली की असा सांगाडा थोडा लवतो आणि पुन्हा आपल्या आकारात येतो.

मापे घ्यायची ती ज्याची कयाक त्याच्या अंगावरून. लांबी साधारण त्याच्या तीन वावांइतकी, रुंदी कमरेपेक्षा जेमतेम जास्त. मांड्यांवरून जाणारी कमानदार पट्टी इतकी खाली, की पाय आत सरकवताना ते सरळ आणि सैल ठेवावे लागतात आणि एकदा बसल्यावर मांड्या तिच्याखाली घट्ट टेकतात. उलटल्यावर होडी वर आणायची ती याच पट्टीला मांडीने रेटा देऊन. त्यामुळे दोघा भावांच्याही कयाका सारख्या नसत, आणि दुसऱ्याची कयाक उसन्या चपलेसारखी चावे.

सांगाडा पुरुषाचा, पण तो पाण्यावर तरंगे बायकांच्या हातांमुळे. सीलची कातडी केस काढून, कमावून, ओली असतानाच सांगाड्यावर ताणून शिवायची. कातडे वाळू लागले की आखडते, म्हणून चार-पाच जणी एकत्र बसून एका दमात काम उरकीत. दोरा प्राण्याच्या तातीचा. शिवण दुहेरी, आणि सुई कातड्याच्या आरपार कधीच जात नाही. निम्म्या जाडीतून वळून ती बाहेर येते, म्हणून पाण्याला आत यायला भोकच मिळत नाही. वल्हवणाऱ्याचा अंगरखाही त्यांनीच शिवलेला. तुइलिक नावाचा हा टोपी असलेला अंगरखा चेहऱ्याभोवती आणि मनगटांशी आवळायचा आणि खालची कड कयाकच्या तोंडावरच्या कड्याला बांधायची. मग माणूस आणि होडी मिळून एकच पाणबंद वस्तू होते. मागे सीलच्या अखंड कातड्याचा हवेने फुगवलेला फुगा, पुढे हार्पूनच्या, म्हणजे फेकायच्या भाल्याच्या, दोरीचे वेटोळे ठेवायची छोटी घडवंची, हाताशी हार्पून फेकायची लाकडी फळी. रोजच्या जेवणाची तजवीज करणाऱ्याची ही हत्यारे होती.

विसाव्या शतकात हे सगळे चार-पाच दशकांत ओसरले. १९२०च्या सुमारास पश्चिम ग्रीनलंडचा समुद्र उबदार होऊ लागला, कॉड मासा झुंडींनी आला आणि दक्षिणेकडे सीलची शिकार रोडावली. कॉड धरायला कयाक सोयीची नाही, त्याला रुंद लाकडी होडी हवी. मागोमाग मोटारबोटी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या सरकारने मासळीचे कारखाने असलेल्या मोठ्या गावांत वस्ती एकवटायला सुरुवात केली आणि लहान किनारी वस्त्या रिकाम्या पडू लागल्या. दोष एकट्या कोणाला देता येणार नाही. कयाकमध्ये माणसे मरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या डॉक्टरांच्या नोंदी पाहिल्या तर कर्त्या पुरुषांच्या मृत्यूंत कयाकमधून बुडून गेलेल्यांचा वाटा फार मोठा दिसतो. शिवाय एक चमत्कारिक व्याधी होती. समुद्र आरशासारखा निश्चल, समोरून सूर्य, शिकारी सीलची वाट पाहत हालचाल न करता बसलेला. अशा वेळी त्याला एकाएकी आपण बुडतो आहोत असे वाटू लागे, पाय गार पडल्याचा भास होई, वल्हे हलेनासे होई. एकदा हे झालेल्या माणसाने समुद्र कायमचा सोडल्याची उदाहरणे आहेत. बापाने मुलासाठी मोटारबोटीची इच्छा धरली यात नवल नाही. पण १९६० आणि १९७०च्या दशकांत बहुतेक गावांत कयाक दिसेनाशी झाली, आणि रोल येणारी माणसे म्हातारी होत चालली.

ग्रीनलंडच्या जुन्या कयाका त्या काळात टिकून होत्या त्या युरोपात. सतराव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला गेलेली जहाजे परतताना कयाका उचलून आणीत, कित्येकदा माणसासकट. इंग्लंडमधल्या हल बंदरात ट्रिनिटी हाउसमध्ये अशी एक कयाक टांगलेली आहे. कॅप्टन अँड्र्यू बार्करने १६१३ साली ती समुद्रातून माणसासह उचलली. तो माणूस तीन दिवसांत मेला. कयाक मात्र चारशे वर्षे तिथे लटकते आहे. हॉलंडमध्येही अशा अनेक होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डच संग्रहालयांतल्या तीन जुन्या कयाका प्रदर्शनासाठी ग्रीनलंडला आल्या आणि राजधानी नूकच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडल्या गेल्या. तिथल्या तरुणांनी आपल्या पूर्वजांची इतकी देखणी, इतकी सडपातळ होडी पाहिली, आणि ती परदेशातून उसनी आणलेली होती. पुढे जे घडले त्याची ठिणगी या प्रदर्शनात होती, असे संघटनेच्या आठवणींत सांगितले जाते.

काळही तसा होता. १ मे १९७९ रोजी ग्रीनलंडला अंतर्गत स्वराज्य मिळाले. भाषा, शाळा, गावांची नावे, सगळ्यांतच आपले ते पुन्हा हाती घेण्याची धडपड सुरू होती. १९८२च्या सार्वमतात लोकांनी युरोपीय समुदायातून बाहेर पडायचा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडलेही. नूकच्या तरुणांचे कयाक मंडळ त्याआधीच उभे राहिले होते. इतर गावांत मंडळे निघाली आणि १९८५मध्येच त्यांची मध्यवर्ती संघटना झाली. कयाक आम्ही पुन्हा वापरायला घेत आहोत, अशा अर्थाचे वाक्य ही मंडळी आपल्या सदऱ्यांवर छापून घालीत.

या तरुणांनी पहिले शहाणपण हे दाखवले की ते म्हाताऱ्यांकडे गेले. मनासे मथेउसेन हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. त्यांच्यासारख्या वयोवृद्ध शिकाऱ्यांनी थंडगार पाण्यात उतरून रोल करून दाखवले, आणि तरुणांनी पाहून, चुकून, पुन्हा पाहून ते उचलले. रोल म्हणजे एकच युक्ती असा आपल्याकडे समज असतो, कारण शिबिरात एखादाच शिकवतात. ग्रीनलंडच्या स्पर्धेत पस्तीसच्या आसपास प्रकार आहेत, अवघडपणानुसार त्यांना गुण आहेत, आणि बहुतेक सगळे डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी करावे लागतात. ही यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तिच्यात मला खेळाच्या आधी अपघात दिसतात. वल्हे पाठीमागे अडकले आहे, ते तसेच ठेवून वर ये. वल्हे मानेच्या मागे आहे, तसेच ये. वल्हे हातून गेले, हार्पून फेकायची फळी तेवढी उरली, तिच्यावर ये. तीही गेली, नुसत्या तळहातावर ये. हातात काही सोडता न येणारे आहे, मूठ आवळून ये. एक हात दोरीत गुरफटला आहे, दुसऱ्या हाताच्या कोपरावर ये. हातात जड दगड धरून ये. आणि शेवटी, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधल्यासारखे घडी करून, फक्त कमरेच्या आणि मांडीच्या हिसक्याने ये. या प्रत्येक प्रकारामागे कोणीतरी बुडालेला आहे आणि कोणीतरी थोडक्यात वाचलेला आहे. वॉलरस किंवा सील दोरीसकट ओढत नेतो तेव्हा काय करायचे, त्याचाही सराव आहे. काही जण दोरी धरून कयाक आडवी खेचतात आणि वल्हवणाऱ्याने ती उलटू न देता तोल सांभाळायचा असतो.

संघटनेचे मुख्य काम म्हणजे वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा. ती उन्हाळ्यात, बहुधा जुलैत भरते आणि दरवर्षी गाव बदलते. जवळच्या आणि लांबच्या पल्ल्याच्या शर्यती, सांघिक शर्यत, वाटेत कयाक खांद्यावर घेऊन जमिनीवरून पळायची शर्यत, रोल, हार्पूनची फेक लांबीसाठी आणि नेमासाठी, आणि दोरीवरच्या कसरती, असा तिचा विस्तार असतो. कयाक पारंपरिक घडणीची, सांगाड्यावर आवरण चढवलेली लागते. मुलांचे वेगळे गट असतात. शिकारीचे कौशल्य गुणांच्या तक्त्यात बसवले म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात. मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. सीलवर घर चालत नसताना सोळा वर्षांच्या मुलाने चार अंश तापमानाच्या पाण्यात दिवसातून वीस वेळा उलटावे, यासाठी त्याला काहीतरी कारण द्यायला हवे होते. स्पर्धेने ते दिले.

दोरीच्या कसरतींबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथल्या ऋतूंशी त्यांचा थेट संबंध आहे. सिसिमिउत हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित उत्तरेला आहे. त्याच्या दक्षिणेचा पश्चिम किनारा हिवाळ्यातही बराचसा खुला राहतो, पण उत्तरेकडे समुद्र गोठतो आणि कयाक महिनोन्महिने घडवंचीवर चढते. अशा दिवसांत दोन दोऱ्या घट्ट ताणून बांधायच्या आणि त्यांच्यावर शरीर गुंतवून, गरगर फिरवून रोलच्या हालचाली करायच्या. पूर्वी दोऱ्या सीलच्या कातड्याच्या असत. पोटाचे, कमरेचे आणि मनगटाचे जे स्नायू पाण्यात लागतात तेच इथे पिळून निघतात. आपल्याकडच्या रोप मल्लखांबाच्या खेळाडूला हा प्रकार पाहताक्षणी उमजेल.

मग वसंतात बर्फ फुटतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅपलिन ही चिमुकली मासळी अंडी घालायला थेट किनाऱ्याशी येते, लोक ती जाळ्यांनी उपसून खडकांवर वाळत घालतात, आणि तिच्या मागे सील, देवमासे आणि पक्षी येतात. कयाकवाल्यांच्या सहलींचा हा खरा हंगाम. ध्रुववृत्ताच्या वर तेव्हा सूर्य मावळत नाही, त्यामुळे मध्यरात्रीही मुले सराव करताना दिसतात. इलुलिस्सातच्या हिमनदीतून सुटलेले हिमनग डिस्को उपसागरात फिरत असतात. कयाक त्यांच्या फार जवळ नेत नाहीत, कारण हिमनग वितळता वितळता एकाएकी कलंडतो आणि त्याची लाट लहान होडीला पुरेशी असते. ऑगस्टअखेर टेकड्यांवरचे खुरटे बर्च लाल होतात, क्रोबेरीची काळी फळे पिकतात, रात्री पुन्हा अंधाऱ्या होतात आणि उत्तरप्रभा दिसू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेला खुला. तिथे हिवाळ्यात बंद आणि मे-जूनमध्ये खुला. समुद्राने घातलेली सुट्टी दोन्हीकडे मुकाट्याने पाळावी लागते.

जुन्या रीतीत कयाक पुरुषांची होती. बायका, मुले आणि सामान मोठ्या, उघड्या उमियाक नावाच्या होडीतून जात, आणि ती वल्हवायच्या बायकाच. मंडळांनी मुलींना कयाकमध्ये बसवले, हा परंपरेतला मोठा बदल. आज स्पर्धेत महिलांचे गट आहेत. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या ही होडी शिवली ते हात आता वल्हेही धरतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

दुसरा बदल आवरणाचा. १९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. ग्रीनलंडचे शिकारी अशी पिल्ले मारीत नव्हते, तरी सगळ्याच सीलच्या कातड्यांचा बाजार कोसळला आणि त्याची झळ लहान वस्त्यांना बसली. कातडे कमावणाऱ्या, शिवणाऱ्या बायकाही कमी होत गेल्या. मंडळांतल्या कयाका तेव्हापासून बहुतांशी कॅनव्हास किंवा नायलॉन ताणून, रंग चढवून केल्या जातात. सांगाडा मात्र तोच, बांधणी तीच, मापे अजून शरीरावरूनच. कापडाची सूट दिली म्हणून कयाक शेकडो मुलांच्या आवाक्यात आली. कातड्याचाच हट्ट धरला असता तर ती थोड्या हौशी लोकांपुरती उरली असती.

ग्रीनलंडबाहेर ही विद्या आधीच पसरली होती. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाने १९२७ साली प्रवासवर्णने वाचून, स्वतः धडपडून रोल साधला. इंग्रज प्रवासी जिनो वॉटकिन्स १९३०-३१च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून कयाक शिकला आणि १९३२च्या ऑगस्टमध्ये तिथेच एकटा सीलच्या शिकारीला गेला असता बुडाला. त्याची कयाक सापडली, देह सापडला नाही. १९५९मध्ये ग्लासगोचा विद्यार्थी केन टेलर इलोर्सुइत या वस्तीत राहिला. तिथल्या इमान्युएल कॉर्नेलियुसेनने त्याच्यासाठी घडवलेली कयाक तो स्कॉटलंडला घेऊन गेला. तिची मापे काढली गेली, आराखडे हातोहात फिरले, आणि त्यांच्यावरून ब्रिटनमध्ये पुढे फायबरग्लासच्या समुद्री कयाका निघाल्या. जगभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी नमुन्यांचे मूळ त्या एका कारागिराच्या हातात आहे.

अमेरिकेचे जॉन हीथ यांनी अनेक वर्षे रोल आणि कयाकच्या घडणीची टिपणे ठेवली. संघटनेशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला आणि पुढे तिची अमेरिकेतली शाखा ‘कयाक यूएसए’ निघाली. डेन्मार्क आणि जपानमध्येही मंडळे झाली. सिसिमिउतचा मालिगियाक पाडिला हा संघटनेच्या तालमीत वाढलेल्या पिढीचा सर्वांत ठळक चेहरा. आजोबांकडून शिकलेल्या या मुलाने १९९८ साली, सोळाव्या वर्षी, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि नंतर अमेरिकेत आणि इतरत्र जाऊन शिकवले. परदेशी वल्हवणारे आज ग्रीनलंडच्या स्पर्धेत उतरतात. पूर्वी परदेशी जहाजे माणसासकट कयाक घेऊन जात. आता परदेशी माणसे तिथे शिकायला येतात, आणि शिकवणारा त्या गावचाच असतो.

कयाकच्या याच घराण्यातली एक होडी आपल्या किनाऱ्यावरूनही गेली आहे. जर्मनीचा ऑस्कर स्पेक १९३२ साली घडीच्या कयाकमधून निघाला आणि सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वाटेत, १९३५मध्ये, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून तो सिलोनला गेला. कापडाचे आवरण आणि आत जोडायचा लाकडी सांगाडा ही त्याच्या होडीची कल्पना आर्क्टिकचीच. आपल्याकडेही खिळ्याविना शिवलेल्या होड्या होत्या. मालवण-गोव्याकडच्या रापणीच्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. त्या आता क्वचित दिसतात. २०२५च्या मे महिन्यात भारतीय नौदलात दाखल झालेले आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेले शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले, आणि ते शिवायला केरळचे जाणते कारागीर बोलवावे लागले. ते कारागीर होते म्हणून जहाज झाले.

जाणते उरले नाहीत तर काय होते, हे ग्रीनलंडच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अगदी उत्तरेला, आजच्या कानाक परिसरात राहणारे इनुगुइत लोक १८१८ साली जॉन रॉसच्या जहाजांना भेटले तेव्हा त्यांच्याकडे कयाकच नव्हती. पूर्वी होती. परंपरा सांगते, की साथीच्या रोगाने वडीलधारी माणसे एकदम गेली आणि करायची कशी हे सांगायला कोणी राहिले नाही. धनुष्यबाणही तसाच गेला. समुद्र सीलने भरलेला आणि त्यात उतरायला होडी नाही, अशा स्थितीत त्यांनी काही पिढ्या काढल्या. १८६०च्या दशकात बॅफिन बेटावरून कित्लार्सुआक नावाच्या पुढाऱ्याबरोबर काही कुटुंबे बर्फ ओलांडून तिथे आली आणि त्यांनी कयाक पुन्हा शिकवली.

योगायोग असा, की रोजच्या शिकारीसाठी कयाक आज मुख्यतः त्याच प्रदेशात वापरात आहे. तिथल्या नियमानुसार नारव्हाल जातीच्या देवमाशाला आधी कयाकमधून हार्पून मारून फुगा अडकवावा लागतो, त्यानंतरच बंदूक चालते. इंजिनाच्या आवाजाने नारव्हाल खोल बुडी मारतात आणि नुसती गोळी घातलेला प्राणी बुडून वाया जातो. म्हणून शिकारी मोटारबोटीवर कयाक लादून खाडीच्या तोंडापर्यंत जातात, इंजिन बंद करतात, कयाक पाण्यात सोडतात आणि कळपाच्या मागच्या बाजूने वल्हवत जातात. वल्ह्याच्या पात्यावरून पाणी गळण्याचा आवाजही होऊ नये, म्हणून ते पाते वर न उचलता पाण्याला लागूनच फिरवतात.